कोड पाहा, कट करा

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

नवी वही. म्हणजे पोराची, अभयच्या कॉलेजातली, अर्धी कोरी. त्याच्या सर्किटच्या आकृत्या तशाच ठेवल्या, उलट्या बाजूनं सुरुवात केली. ही डायरी फक्त माझ्यासाठी. बायकोनं, म्हणजे करुणानं, उघडली तरी तिला माझं अक्षर लागणार नाही.

अभय आज बँकॉकला गेला. औरंगाबादहून मुंबईपर्यंत ट्रॅव्हल्स, पुढं विमान. थायलंड, कोड +६६. मला बघायला लागत नाही. बसस्टँडजवळ माझा एसटीडी-आयएसडी बूथ होता, पिवळ्या बोर्डाचा. गिऱ्हाइकानं देशाचं नाव घ्यायचं, मी पुस्तक न उघडता नंबर लावायचा. सौदी ९६६, दुबई ९७१, कतार ९७४. लोक म्हणायचे, हिवराळे म्हणजे चालतंबोलतं एक्सचेंज. मोबाइल आला, बूथ गेला. झेरॉक्स टाकलं, तेही गेलं. कोड तेवढे राहिले.

नोकरी डेटा एंट्रीची. जालना रोडवर कन्सल्टन्सी असलेल्या ऋतुराज सरांनी लावली. भला माणूस, टाय घालतो. करुणा म्हणाली, इंजिनिअरिंग झालेल्या पोराला टायपिंग करायला विमानानं नेतात व्हय? मी तिला ग्लोबलायझेशन समजावून सांगितलं. ती गप्प बसली, म्हणजे पटलं.

शेजारच्या गल्लीतला पुंजाराम मोकासे निरोपाला आला होता. मूळचा पिशोरचा, एसटीत ड्रायव्हर होता. म्हणाला, राजाभाऊ, व्हिसाबी लागला नाय म्हणता, मंग नोकरी कशी देतेत? मी म्हणालो, भारतीयांना आता तिथं व्हिसाच लागत नाही, एवढा आपला मान वाढलाय. त्यानं जन्मभर पिशोर-औरंगाबाद गाडी चालवली. त्याला काय सांगणार.

संकल्प: रोज डायरी लिहिणे. थाई भाषा शिकणे. करुणाशी वाद घालायचा नाही.

११ फेब्रुवारी

मध्ये लिहिणं झालं नाही. बिझी होतो. हॉलमध्ये दुसरं घड्याळ लावलं, खाली चिठ्ठी: बँकॉक. आपल्यापेक्षा दीड तास पुढं. पाहुण्यांवर चांगली छाप पडते.

अभयनं कंपनीचा पत्ता पाठवला. पोस्टल कोड ६३११०. बँकॉकचे कोड १० नं सुरू होतात. ६३ म्हणजे बँकॉक नव्हे, पार पश्चिमेला, माए सोत नावाचं बॉर्डरवरचं गाव. नकाशात बघितलं. गावाला लागून नदी, नदीपलीकडं म्यानमार.

नकाशा बंद केला. मग डोकं चालवलं. आपल्याकडं तरी वेगळं काय आहे? कंपनी असते करमाडच्या अलीकडं शेंद्र्यात, नाहीतर बिडकीनला, आणि पोरं सांगतात औरंगाबादला नोकरी. हेड ऑफिस बँकॉकला, प्लँट बाहेर. जगात सगळीकडं इंडस्ट्रियल एरिया गावाबाहेरच असतो.

करुणाला सांगितलं, कोड अगदी बरोबर आहे. कोड बरोबरच आहे, फक्त गाव दुसरं आहे.

थाई: नमस्काराला सवादी. एक शब्द झाला.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी

व्हिडिओ कॉल. अभय बारीक दिसला. कॅमेऱ्याचा अँगल. ओठाला काहीतरी लागलंय. म्हणाला, बाथरूममध्ये घसरलो. तिकडच्या फरशा गुळगुळीत असणार, श्रीमंत देश.

त्याच्या मागं भिंतीवर घड्याळ होतं. आपल्या घड्याळात सहा वाजले होते, बँकॉकच्या साडेसात. त्याच्या मागचं घड्याळ सात दाखवत होतं. एक तास पुढं म्हणजे म्यानमारची वेळ. पण घड्याळ मागं पडलेलंही असू शकतं. आमच्या बूथमधलंही पडायचं.

करुणानं विचारलं, जेवतोस का रं? तो हो म्हणाला. त्याआधी त्यानं बाजूला बघितलं. बाजूला कुणीतरी उभं होतं, हात तेवढा दिसत होता. सुपरवायझर असेल. नवीन पोराकडं इतकं लक्ष देतात, ही परदेशातली शिस्त.

मग अभयनं एक काम सांगितलं. कंपनीला ज्येष्ठ नागरिकांचा सर्व्हे करायचाय, तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची पत्त्यांची डिरेक्टरी पाठवता का. म्हटलं, बघा! पोरगं जाऊन महिना नाही झाला आणि माझं काम इंटरनॅशनल झालं. तो मध्येच म्हणाला, अण्णा, नसली पाठवायची तर राहू द्या. मग पुन्हा बाजूला बघितलं आणि म्हणाला, नाही, पाठवाच.

भिडस्त आहे. बापाला काम सांगताना संकोचतो. आमचे संस्कार.

२३ फेब्रुवारी

डिरेक्टरी पाठवली. पाठवण्याआधी शेवटचा हात फिरवला.

ही डिरेक्टरी म्हणजे माझ्या आयुष्याचं दुसरं काम. सिडको एन-नऊमधला पत्ता सापडणं म्हणजे गवतात सुई. एल-आठ, एल-नऊ, मध्येच एम-अकरा, घरांचे नंबर उलटे. कुरिअरवाले रडकुंडीला येतात. म्हणून ज्येष्ठ नागरिक संघाचा सेक्रेटरी झाल्यावर मी दारोदार फिरून प्रत्येक सभासदाचा असा पत्ता केला की आंधळासुद्धा घरी पोचेल. नाव, मोबाइल, +९१ सकट. लँडलाइन असेल तर ०२४० सकट. पिन ४३१००३. कुणी औरंगाबाद लिहिलं होतं, कुणी छत्रपती संभाजीनगर, तेही सगळीकडं एकसारखं केलं.

आणि प्रत्येक पत्त्याखाली सूचना. ही माझी स्वतःची आयडिया, पोस्टाला आजवर सुचली नाही. उदाहरणार्थ आवडाबाई सिस्टर, महापालिकेच्या दवाखान्यातून रिटायर: एकट्या राहतात. मुलगा पुण्याला. बेल वाजत नाही, कडी वाजवावी. पेन्शनच्या दिवशी सकाळी बँकेत, एरवी दिवसभर घरी. पुंजाराम मोकासे: कानानं कमी, मोठ्यानं बोलावे.

पानं गल्लीवार. आधी एल, मग एम. शेवटच्या पानावर संपादक राजेंद्र हिवराळे, पत्ता, मोबाइल. चूक आढळल्यास संपर्क साधावा.

अभयचा मेसेज आला: Received. एवढंच. बिझी असणार.

४ मार्च

अभयचा फोन. दोन मिनिटं. बरा आहे म्हणाला. आवाज बसलाय, एसीमुळं. नवीन नंबर. कोड +९५.

(वरचा आकडा खोडायचा आहे. पेन चालत नाहीये नीट.)

+९५ म्हणजे म्यानमार. मला झोपेतून उठवून विचारा. पण कोड म्हणजे माणूस नव्हे. बॉर्डरवर टॉवरचं काही खरं नसतं, इकडचा माणूस तिकडच्या टॉवरला लागतो. शिवाय ऋतुराज सरांना फोन केला, ते म्हणाले, अंकल, टेन्शन मत लो, कंपनी का ब्रँच है उधर. झालं. ब्रँच आहे. ट्रान्सफर म्हणजे एक प्रकारचं प्रमोशनच.

करुणानं विचारलं, कुठून केला होता फोन? मी सांगितलं, +६६. तिला कोडातलं काही कळत नाही. उगाच बीपी वाढवायचं कशाला.

१२ मार्च

पार्सल पाठवलं. शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा, ज्वारीच्या पापड्या, कुरडया. करुणानं दोन दिवस खपून केलं. मी पत्ता केला. कंपनीनं फक्त नाव, गाव आणि कोड दिला होता. रस्ता नाही, घर नंबर नाही. असा पत्ता आमच्या संघात कुणी दिला असता तर मी परत पाठवला असता. म्हणून मी नकाशा बघून भर घातली: नदीजवळ, पुलाच्या अलीकडे, कंपनीच्या मोठ्या गेटसमोर, कुणालाही विचारावे. इंग्रजीत.

पोस्टातली मुलगी म्हणाली, काका, ह्या पत्त्यावर पोचंल असं वाटत नाय, बघा तुमचं तुम्ही. मी तिला पोस्टल कोडच्या पहिल्या दोन आकड्यांचा अर्थ समजावला. मागं लाइन लागली होती. लोकांनीही ऐकलं.

पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र मी असा लिहिला की फ्रेम करून लावावा.

३० मार्च

अभयचा फोन नाही. मेसेज येतात. मेसेज रेग्युलर आहेत, त्यामुळं काळजीचं कारण नाही. Hello Dad, I am fine, food is good.

तो मला जन्मल्यापासून अण्णा म्हणतो. डॅड म्हणायला लागला म्हणजे तिकडच्या वातावरणाचा परिणाम. करुणा मेसेज वाचून म्हणाली, हे माझ्या पोराचं बोलणं नाय. मी म्हणालो, माणूस बदलतो. ती म्हणाली, दोन महिन्यांत?

वाद घातला नाही. संकल्प पाळला. उठून बाहेर गेलो.

१४ एप्रिल, जयंती

सकाळी वंदना, दुपारी घरी पंचवीस माणसं जेवायला, संध्याकाळी मिरवणूक. गल्लीत डीजे. दरवर्षी मिरवणुकीच्या पुढं अभय निळा झेंडा घेऊन असतो. गेल्या वर्षी नाशिकला परीक्षा होती तरी पहाटे फोन करून जयभीम केला होता.

आज फोन नाही. रात्री मेसेज आला: Happy festival Dad.

करुणा स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी बाहेर सगळ्यांना सांगितलं की अभयनं बँकॉकमध्ये जयंती साजरी केली, तिकडच्या विहारात. केलीही असेल. तिकडं विहार भरपूर आहेत.

२२ एप्रिल

संघात एक प्रकार घडला. एल-आठमधल्या दोघांना फोन. तुमच्या नावाचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, आत ड्रग्ज सापडलं, तुमच्यावर केस आहे, कुणाला सांगू नका, व्हिडिओ चालू ठेवा. दोघांनी घाबरून फोन मुलाकडं दिला म्हणून वाचले.

मी तातडीनं मीटिंग घेतली. फ्रॉड हा माझा विषय. चाळीस मिनिटं बोललो. अनोळखी नंबर आला की आधी कोड बघायचा. +९१ नसेल तर परदेश. परदेशात आपलं कुणी नसेल तर बोलायचंच नाही. घोषणाही दिली: कोड पाहा, कट करा, ब्लॉक करा. सगळ्यांनी तीनदा म्हटली. बॅनर करायला टाकला, खाली माझा फोटो.

पुंजाराम मागच्या खुर्चीवरून ओरडला, पर त्यांना आलेला फोन तर +९१ चाच व्हता! मी म्हणालो, प्रश्न शेवटी घेऊ. शेवटी वेळ उरला नाही.

३ मे

एल-नऊ झालं. आता एल-दहा सुरू आहे. रोज दोन-तीन घरी तोच पार्सलचा फोन.

एक गोष्ट लक्षात आली. फोन गल्लीवार येतायत, घर नंबरच्या क्रमानं. हा क्रम सरकारी नकाशात नाही, मतदार यादीत नाही. हा क्रम फक्त माझ्या डिरेक्टरीत आहे.

यावर विचार केला. निष्कर्ष: कुणी सभासदानं डिरेक्टरीचा फोटो फेसबुकवर टाकला असणार. लोकांना सांगूनही कळत नाही. पुढच्या मीटिंगला कडक शब्दांत बोलायचं.

त्यातल्या त्यात एक मात्र खरं. इतक्या लांबच्या चोरालासुद्धा एन-नऊमध्ये कुणाचं घर कुठं आहे ते समजलं. पत्ते चोख असल्याचा याहून मोठा पुरावा नाही.

(हे वाक्य वाचल्यावर बरं वाटलं नाही. तरी राहू दे.)

९ मे

आवडाबाईंचे पैसे गेले. गुडघ्याच्या ऑपरेशनला ठेवलेले. सगळे.

दोन दिवस त्या व्हिडिओ कॉलवर बसून होत्या. जेवल्या नाहीत. मुलाला सांगायचं नाही अशी धमकी होती. आम्ही दोघं भेटायला गेलो. कडी वाजवली. त्या काही रडल्या नाहीत, भिंतीकडं बघत बोलत होत्या. म्हणाल्या, त्यांना सगळंच ठाऊक व्हतं वो. पोरगं पुण्याला ते ठाऊक, मी कवा बँकेत जाते ते ठाऊक. बेल वाजत नाय, ते बी ठाऊक.

करुणानं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

मग आवडाबाई म्हणाल्या, पहिल्यांदा बोलला तो एक पोरगा व्हता. हिंदीत बोलत व्हता पर आपल्याकडचाच वाटला. मधीच हळूच म्हणला, मावशी, फोन ठेवा, ठेवा ना. मंग कायतरी आपटल्याचा आवाज झाला अन् दुसराच माणूस बोलायला लागला. मी तवाच ठेवाया पायजे व्हता.

घरी येताना करुणा माझ्या पुढं चालत होती. मी सांगितलं की हे फ्रॉडवाले लोकल पोरं ठेवतात, भाषेसाठी. तीही मराठवाड्यातलीच असतात. ती थांबली आणि म्हणाली, व्हय ना. तेच म्हणते मी.

१७ मे

जालना रोडला ऋतुराज सरांच्या ऑफिसात गेलो. पत्ता तोच, जिना तोच, शटरही तेच. आत मोमोज विकतात. मोमोजवाल्याला विचारलं, तो म्हणाला, पैले कोई कंसल्टन्सीवाला था, बोर्ड छोड के भाग गया. बोर्ड मागं आडवा टाकलाय, त्यावर ते कांदे चिरतात.

मोठ्या जागेत शिफ्ट झाले असणार. नवा पत्ता कळवायचं राहिलं असेल. फोन स्विच ऑफ. चार्जिंगचा प्रॉब्लेम.

एक प्लेट मोमोज खाल्ले. बसायला काहीतरी कारण हवं होतं.

२५ मे

पार्सल परत आलं. वर थाईत शिक्के आणि एका चौकोनात टिक: असा पत्ता नाही.

पोस्टमन म्हणाला, हिवराळे साहेब, तुमचा पत्ता लिहिलेला असला की कुणाला विचारावं लागत नाय. अर्धं जग फिरून सरळ घरी आलं. एरवी मी हे संघात चारदा सांगितलं असतं.

करुणानं पार्सल उघडलं नाही. बाबासाहेबांच्या फोटोखालच्या टेबलावर ठेवलं. डब्यातनं तेल सुटलंय, घरभर लसणाचा वास येतो. उघडू का विचारलं. म्हणाली, ज्याचं हाय तो उघडंल.

५ जून

एम-नऊ संपलं. एम-दहा चालू. पुंजाराम एम-दहालाच.

आज तो आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. एसटीत असताना ब्रेक फेल झालेली गाडी त्यानं घाटात थांबवली होती, तेव्हाही त्याचा चेहरा असा नसेल. म्हणाला, राजाभाऊ, मला फोन आला. पार्सलवालाच. पर तो लई मोठ्यानं बोलला, वरडून. मला कमी ऐकू येतं हे त्याला कसं ठाऊक? अन् मंग म्हणला, पुंजाकाका, उचलू नका फोन. मला पुंजाकाका एकच पोरगं म्हणतं.

मी त्याला घालवून दिलं. म्हणालो, कानानं कमी ऐकू येतं आणि आवाज ओळखायला निघाला. बूथमध्ये मी हजारो आवाज ऐकले, सारखे आवाज असतात. तुझा जळफळाट आहे, माझा मुलगा परदेशी गेला म्हणून. तुझा गोकुळ पिशोरला ट्रॅक्टर चालवतो.

तो गेला. जाताना चप्पल उलटी घालून गेला, मी बघितलं.

त्याला असं बोलायला नको होतं.

६ जून

संकल्प: पुंजारामची माफी मागणे. अभयशी स्पष्ट बोलणे. तिकडच्या आपल्या वकिलातीचा फोन नंबर काढणे.

नंबर काढला. थायलंडच्या वकिलातीला लावायचा की म्यानमारच्या, हे ठरवता येईना. एकाला लावला तर +६६ खरं, दुसरीकडं लावला तर +९५ खरं.

लावला नाही. उद्या.

१३ जून

उद्या, उद्या करत आठवडा गेला. एम-अकरा आज सुरू झालं. आमची गल्ली. डिरेक्टरीत एम-अकरानंतर फक्त एकच पान आहे.

करुणानं आज विचारलं, तुमच्या त्या पुस्तकात शेवटी कुणाचं नाव हाय? मी म्हणालो, संपादकाचं. तिनं मान हलवली आणि गहू निवडायला घेतले. मोबाइल दोघांच्या मध्ये ठेवला, आवाज फुल.

बँकॉकच्या घड्याळाचा सेल संपलाय. नवा टाकला नाही.

१७ जून, मंगळवार

सकाळी करुणा भाजी आणायला गेली होती. फोन वाजला. +९१. माझ्याच घोषणेप्रमाणं आधी कोड बघितला. मग उचलला.

हॅलो म्हणाला. हॅलोतच कळलं. लहानपणी बूथमध्ये माझ्या शेजारी स्टुलावर बसून रिसीव्हर धरायचा, तेव्हापासून तो हॅलोतला लो लांबवतो.

म्हणाला, मैं कस्टम विभाग से बोल रहा हूँ. राजेंद्र हिवराळे बात कर रहे हैं? मी म्हणालो, हो. त्यानं पुढचं कागदावरून वाचलं. पार्सल, ड्रग्ज, केस. सगळं पाठ झाल्यासारखं, खालच्या पट्टीत. त्याच्यामागं पुष्कळ माणसं एकाच वेळी हेच वाक्य वेगवेगळ्या भाषांत बोलत होती. मला त्याचं नाव घ्यायचं होतं. नाव घेतलं तर त्याचं काय होईल ते आवडाबाईंनी ऐकलेल्या आवाजावरून मला माहीत होतं.

त्यानं विचारलं, पूरा पता बताइए.

मी सांगितला. जितका सावकाश सांगता येईल तितका. एन-नऊ. एम-अकरा. कोपऱ्यावर पिठाची गिरणी, तिथून आत. दारात बदामाचं झाड, यंदा फांद्या छाटलेल्या नाहीत. जिन्याखाली मुलाची सायकल आहे, हवा भरलेली. घरात दोघंजण राहतात. एक पार्सल आलंय, ते अजून उघडलेलं नाही.

 त्याचा श्वास ऐकू येत होता. मीही थांबलो. अठरा वर्षं बूथ चालवला, माणसं सौदीला बोलताना शेवटी अशी गप्प व्हायची आणि मीटर पळत राहायचा. मी काचेतनं खूण करायचो, बोला, पैसे चाललेत. आज कुणी खूण करू नये असं वाटलं.

मग म्हणाला, पिन कोड?

चार तीन एक शून्य शून्य तीन, मी म्हणालो. मराठीत. त्यानंही मराठीतच परत म्हटला. शेवटचा तीन नीट निघाला नाही. मागं कुणीतरी ओरडलं, आणि फोन बंद झाला.

परत लावला. हा नंबर अस्तित्वात नाही.

करुणा आली तेव्हा मी खालीच बसलो होतो. सगळं सांगितलं. +९५ सुद्धा, मार्चपासूनचं. मला वाटलं, ती आता मला फाडून खाईल. तिनं पिशवी खाली ठेवली, टोमॅटो घरंगळत गेले. विचारलं, आवाज कसा व्हता? मी म्हणालो, बारीक. तिनं कपाटातून डिरेक्टरी काढली, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, चला. आधी आवडाबाईकडं. मंग पोलिसात.

१८ जून

काल आवडाबाईंच्या दारात मी दोनदा हात उचलून खाली घेतला. कडी शेवटी करुणानं वाजवली. मी सांगितलं, पत्ते मी पाठवले. फोन माझ्या पोरानं केला.  त्यांनी करुणाला विचारलं, मारतेत का वो त्याला? करुणा म्हणाली, व्हय. त्या आत जाऊन चप्पल घालून आल्या, म्हणाल्या, मीबी येते, मला तो फोन ठेव म्हणला व्हता, एवढं सांगते मी साहेबांला. पुंजाराम गल्लीच्या तोंडाशी उभा होता. काही न विचारता रिक्षा बोलावली आणि पुढं ड्रायव्हरजवळ बसला.

सायबर पोलिसांत एक तरुण अधिकारी होत्या. शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, नोकरीच्या नावानं नेऊन कोंडलेली अशी पोरं परत आलेली आहेत, सगळी नाही, पण आलेली आहेत. तिकडं कळवायचं तर पोरगा कुठं आहे ते नेमकं लागेल. कागद पुढं सरकवला. नाव लिहिलं. वय लिहिलं. मुक्काम, सध्याचा पत्ता, पोस्टल कोड, अशा तीन ओळी होत्या.

६३११० लिहिणार होतो. त्या पत्त्यावरनं पार्सल परत आलंय.

अधिकारी म्हणाल्या, काका, अंदाजे लिहा, जे माहीत असेल ते. पुंजाराम, आवडाबाई, करुणा, तिघंही माझ्या हाताकडं बघत होती. एन-नऊमधलं कुठलंही घर विचारा, डोळे मिटून नेऊन सोडतो. 

मग लिहिलं: +९५. पुढं काय लिहायचं ते कळेना, म्हणून कागद तसाच परत दिला.